भूकच लागत नसेल तर ताटात आधी काय घ्यावे?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: वजन घटवण्याचे साप्ताहिक इंजेक्शन सुरू करून तीन महिने झाले, सात किलो उतरले, पण भूक लागतच नाही, सकाळचा चहा, दुपारची वाटीभर पेज आणि संध्याकाळची दोन बिस्किटे यांवर दिवस निघतो, जिना चढताना पाय लटपटतात, केस गळू लागले आहेत आणि चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली आहे, तर आता खावे काय? मी डॉक्टर नाही. गोव्यात फोंड्याला राहते, शाळेत शिकवते आणि गेले काही महिने याच वर्गातले टिर्झेपाटाइड घेते आहे. सुरुवातीचे चार महिने मी अगदी तुमच्यासारखेच जेवत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हे औषध पोटात काय करते ते समजून घ्या, कारण जेवणाचे सगळे नियम त्यातूनच निघतात. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-1 नावाचे संप्रेरक पाझरते, ते मेंदूला पोट भरल्याचा निरोप देते आणि दोनचार मिनिटांत विरून जाते. सेमाग्लुटाइड हे अशा इंजेक्शनांतले एक औषध त्याच संप्रेरकाची नक्कल करते, मात्र ते निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. म्हणजे पोट भरल्याचा निरोप आठवडाभर अखंड जात राहतो, शिवाय जठरातले अन्न पुढे सरकण्याचा वेगही मंदावतो. शरीराची गरज मात्र तितक्या प्रमाणात घटलेली नसते. त्यामुळे आजवर आपण ज्या भुकेच्या भरवशावर जेवत आलो, ती आता खरे सांगत नाही, हे एकदा मान्य केले की पुढचे सोपे होते. मी घड्याळ पाहून जेवते: सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री आठ. भूक असो वा नसो, चार वेळा थोडे थोडे.

दुसरी गोष्ट स्नायूंची. सेमाग्लुटाइडची 2021 साली प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी 68 आठवडे चालली आणि तीत सरासरी 14.9 टक्के वजन घटले. पण सहभागींपैकी ज्या थोड्या लोकांची शरीररचना यंत्राने मोजली गेली, त्यांच्या घटलेल्या वजनात चरबी नसलेला भाग, ज्यात स्नायूही येतात, पाचातले जवळजवळ दोन भाग इतका होता. तुमच्या लटपटणाऱ्या पायांचे एक कारण इथे असू शकते. उपाय दोनच: पुरेशी प्रथिने आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम. व्यायामाचे मी फार सांगत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे इतक्यावर माझी सुरुवात झाली.

प्रथिनांचा हिशेब मात्र वहीत मांडावा लागतो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली निरोगी प्रौढासाठी किलोमागे 0.83 ग्रॅम ही रोजची शिफारस केली. वजन घटत असताना आहारतज्ज्ञ सहसा त्याहून जास्त, 1.2 ग्रॅमच्या आसपास सांगतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हा आकडा स्वतःहून वाढवू नये. मला माझ्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला 65 ते 70 ग्रॅम ठरवून दिले. तुमची वाटीभर पेज, चहा आणि बिस्किटे यांची बेरीज केलीत तर ती दहाच्या घरातही मुश्किलीने जाईल. उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी, मळमळीत तीच एक बरी वाटते, म्हणून आपण तिला बिलगतो, आणि तिथेच फसतो.

परदेशातले सल्ले मी खूप वाचले. त्यांत टर्की, ग्रीक योगर्ट आणि प्रोटीन शेक असतात. शीत-कडीच्या, म्हणजे भात-कालवणाच्या, ताटाचे काय करायचे ते कोणी सांगत नाही. मी ताट बदलले नाही, फक्त घासांचा क्रम उलटा केला. पूर्वी आधी शीत, त्यावर हुमण (नारळाच्या रसातले मासळीचे कालवण) आणि शेवटी चवीला मासळी, असे मी जेवत असे. आता आधी मासळी, मग भाजी आणि शेवटी जागा उरली तर दोन-तीन घास शीत. पाच-सहा घासांतच पोट भरणार असेल, तर ते कामाचे असावेत. माझा साधारण दिवस असा असतो: सकाळी दोन उकडलेली अंडी, म्हणजे 12 ग्रॅम, दुपारी मध्यम आकाराच्या दोन बांगड्यांचे काटे काढलेले मांस, सुमारे 100 ग्रॅम, त्यातून 20, वाटीभर दाट वरण, 7 ते 8, संध्याकाळी कपभर दूध, 6 ते 7, रात्री 75 ग्रॅम पनीर, 13 ते 14, आणि सोबत वाटीभर दही, 5. हे सगळे एका बैठकीत खायचे म्हटले तर मला जमणार नाही, चार वेळांत विभागले की जमते.

आपल्याकडची खरी अडचण शिवराक, म्हणजे शाकाहारी, दिवसांची आहे. सोमवार आणि गुरुवार मासळी नाही, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असल्याने बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग, आणि मग श्रावण लागतो. या काळात माझे जेवण नकळत भात, बटाटा आणि पोदेराच्या उंड्यांवर (पाववाल्याच्या पावांवर) आले होते, आणि त्याच सुमारास माझेही केस मूठमूठ गळू लागले. वजन झपाट्याने उतरले किंवा आहार फार कमी पडला की दोन-तीन महिन्यांनी असे गळणे सुरू होते. आहार सावरला की बहुधा ते थांबते आणि केस परत येतात. तरीही हिमोग्लोबिन, लोह, बी-12 आणि थायरॉइड यांच्या चाचण्या करून घ्या. माझे बी-12 कमी निघाले होते, ते नुसत्या जेवणाने भरून निघाले नसते. शिवराक दिवसांसाठी आता मी मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ), अळसांद्यांचे तोंडाक (चवळीची रस्साभाजी), पनीर आणि भिजवून पिळलेले सोयाचे तुकडे यांची पाळी लावून ठेवली आहे. सुक्या बांगड्यांत प्रथिने भरपूर असतात, पण मीठही तितकेच. रक्तदाब असेल तर त्यांचा मोह आवरा.

तळलेले मात्र खरोखर सोडावे लागले. जठर आधीच संथ, त्यात तेल आणि दाट नारळाचा रस गेला की अन्न तासन् तास तिथेच राहते. रवा लावून तळलेल्या इस्वणाच्या (सुरमईच्या) एका तुकडीने मी एकदा अख्खी रात्र बसून काढली आहे. हुमण करते, पण नारळ निम्मा आणि तेफळांचा वास पुरेसा. मळमळ सहसा इंजेक्शननंतरच्या एक-दोन दिवसांत आणि मात्रा वाढवल्यावर जास्त असते, म्हणून मी ते शनिवारी रात्री घेते आणि रविवारी मऊ खिचडी, वरण, अंडे असे साधे जेवते. पेज सोडवत नसेल तर ती पातळ मुगाच्या कढणासोबत घ्या. काहींना फेणीचा एक घोट पूर्वीसारखा सोसत नाही, असे ऐकते. रिकाम्या पोटी तर ती टाळलेलीच बरी.

भुकेबरोबर तहानही मरते, हे मला फार उशिरा कळले. पाणी कमी, चोथा कमी, आतडी संथ, मग बद्धकोष्ठता होणारच. जेवताना गटागटा पाणी प्यायले तर जेवायची जागा जाते, म्हणून दोन जेवणांच्या मध्ये थोडे थोडे प्यावे; मी आमसुलांची कमी तिखट फुटी कढीही घेते, मात्र आम्लपित्त असेल तर आमसुले सोसत नाहीत. तांबडी भाजी (लाल माठ), पपई आणि मुगागाठी यांनी माझे काम झाले. चोथा एकदम वाढवू नका, पोट फुगते.

काही गोष्टी जेवणाच्या पलीकडच्या आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (ग्लिमेपिराइडसारख्या) गोळ्या चालू असतील आणि तुम्ही पेजेवर दिवस काढत असाल, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हे आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. पोटात सतत तीव्र कळ येऊन ती पाठीकडे जात असेल आणि सोबत उलट्या होत असतील तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडेही होतात. प्यायलेले पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल तर घरगुती उपाय करत बसू नका, रुग्णालय गाठा. आणि तुम्ही आता खाता आहात तितकेच खाणे चालणार असेल, तर पुढची मात्रा वाढवण्यापूर्वी हे सगळे डॉक्टरांना सांगा. मात्रा आहे तिथेच ठेवणे किंवा खाली आणणे हाही उपचाराचाच भाग आहे. माझी वाढवायची ठरलेली मात्रा दोन महिने पुढे ढकलली होती आणि त्याने काही बिघडले नाही.

राहता राहिली चवथ. त्या आठवड्यात इंजेक्शनची मात्रा वाढवण्याची पाळी येत असेल तर वेळ थोडी पुढे नेता येईल का, हे आधीच विचारून ठेवा. सणाच्या ताटात पहिला घास मुगागाठींचा घ्या, मग खतखते (मिश्र भाज्यांचे कालवण), मग वरण, आणि भात नावापुरता. नेवरी (करंजी) जेवणावर खाऊ नका, ती तळलेली असते आणि भरल्या पोटावर ती हमखास नडते. दुपारच्या जेवणानंतर तीनेक तासांनी, बिनसाखरेच्या चहाबरोबर, एक सावकाश खा. हळदीच्या पानातली पातोळी वाफवलेली असल्याने ती त्या मानाने सोसते. पाहुणचाराला गेल्यावर वाढणाऱ्यांना कारणे सांगत बसण्यापेक्षा ताटात आधीच थोडेसे वाढून घ्यावे. मावशी दुसऱ्यांदा आल्या तर वाटी हाताने झाकावी, आपल्याकडे तेवढ्याने कोणी रुसत नाही.