वाचकांचे प्रश्न : मुलीला तांत्रिक हायस्कूलमध्ये घालावे का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात राहतो. मुलगी आठवीत आहे. गावातील नेहमीचे हायस्कूल सोडून जवळच्या सरकारी व्होकेशनल-टेक्निकल हायस्कूलमध्ये अर्ज करायचा, असा तिने हट्ट धरला आहे. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचे आहे आणि त्या शाळेत पशुवैद्यकीय साहाय्याचा विभाग आहे. आमच्या डोळ्यांसमोर मात्र आयटीआय येते, आणि भारतातील नातेवाईक तर ‘अभ्यासात मागे पडली का?’ असेच विचारतात. या शाळेतून पुढे चांगल्या विद्यापीठात जाता येते का?

उत्तर : जाता येते. आयटीआयला जाणारा विद्यार्थी साधारणपणे दहावीनंतर शालेय शिक्षणाची वाट सोडतो. तुमच्या राज्यातील तांत्रिक शाळा हे नववी ते बारावीचे पूर्ण हायस्कूलच असते. तेथे इंग्रजी, गणित, विज्ञान आणि इतिहास शिकावाच लागतो, शेवटी हायस्कूलचाच डिप्लोमा मिळतो आणि त्याखेरीज एका व्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण पदरात पडते. बहुतेक ठिकाणी एक आठवडा वर्गात आणि पुढचा आठवडा कार्यशाळेत, असे वेळापत्रक चारही वर्षे चालते.

तुमच्याच राज्यातील वूस्टर शहराच्या टेक्निकल हायस्कूलचे उदाहरण तुमच्या मुलीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. तेथे टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने प्राण्यांचा दवाखाना चालतो आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना आपली कुत्री-मांजरे स्वस्तात तपासून घेता येतात. हायस्कूलची मुले तेथे खऱ्या रुग्णांजवळ उभी राहून काम शिकतात आणि पशुवैद्यक होऊ पाहणारे विद्यापीठातील विद्यार्थी त्यांच्या शेजारीच काम करत असतात. घाबरलेले मांजर कसे धरावे, मालकाला धीर कसा द्यावा, टेबल कसे निर्जंतुक करावे, हे पंधरा-सोळाव्या वर्षी हाताखालून गेलेले असणे हे पशुवैद्यक होऊ इच्छिणाऱ्या मुलीसाठी केवढे मोठे भांडवल आहे! याच शाळेच्या पदवीदान समारंभात 2014 साली राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी भाषण केले होते.

नातेवाइकांची शंका मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अमेरिकेत 1917 च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, उद्योग आणि गृहविज्ञान यांच्या शालेय शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला, पण हे शिक्षण सामान्य शिक्षणापासून वेगळे ठेवले गेले. गरीब, स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय कुटुंबांतील मुलांना, त्यांची कुवत न पाहता, अनेकदा तिकडे वळवले जाई. त्या अन्यायाची आठवण तेथील समाजात अजून आहे आणि ती राहायलाही हवी. पुढे कायदे बदलत गेले. व्यवसायशिक्षणाला केंद्राचा निधी देणाऱ्या पर्किन्स कायद्याच्या 2006 च्या सुधारणेने व्यवसायाचे विषय आणि शालेय विषय एकत्र गुंफून हायस्कूलनंतरच्या शिक्षणाशी जोडण्याची अपेक्षा घातली, आणि 2018 च्या सुधारणेनेही तीच दिशा कायम ठेवली.

तुमच्या जागी मी असतो तर काळजी वेगळ्या गोष्टींची केली असती. नववीत मुलांना आधी अनेक विभागांत थोडे थोडे दिवस फिरवतात. सुतारकाम, वेल्डिंग, स्वयंपाकघर, आरोग्यसेवा असे सारे पाहिल्यावर मूल पसंतीक्रम देते आणि मग जागा ठरतात. लोकप्रिय विभागांत जागा मर्यादित असल्यामुळे तेथील कामगिरी पाहिली जाते. म्हणजे शाळेत प्रवेश मिळाला तरी पशुवैद्यकीय विभाग मिळेलच असे नाही. मुलीला आधीच विचारून ठेवा : तो विभाग मिळाला नाही, तरी ही शाळा तुला हवी आहे का? तिचे उत्तर ‘नाही’ असेल, तर निर्णय सोपा होतो.

दुसरी गोष्ट परकीय भाषेची. अर्धे दिवस कार्यशाळेत जात असल्याने विद्यापीठाच्या प्रवेशासाठी मागितली जाणारी भाषेची दोन वर्षे वेळापत्रकात बसवणे कठीण जाते. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांनी या शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी त्या अटीत सवलत ठेवली आहे, परंतु खासगी किंवा परराज्यातील विद्यापीठे ती मानतीलच असे नाही. वरच्या पातळीचे गणित, रसायन आणि जीवशास्त्र बारावीपर्यंत घेता येते का, हेही शाळेच्या ओपन हाउसला जाऊन समुपदेशकांना स्पष्ट विचारा. पशुवैद्यकीच्या वाटेवर हे तीन विषय टळत नाहीत.

प्रश्न : माझा नातू तिकडे मॅसॅच्युसेट्समध्येच अशा शाळेत विजेचे काम शिकतो. दर दुसऱ्या आठवड्याला पुस्तक बंद! मग गणित विसरणार नाही का?

उत्तर : आजोबा, खंड पडतो हे खरे, आणि काही मुलांना सोमवारी वर्गात परतल्यावर पुन्हा सूर लागायला वेळ लागतो. परंतु कार्यशाळेतही गणित सुटत नाही. विजेच्या तारा ज्या धातूच्या नळीतून नेतात, ती नळी एखादा अडथळा चुकवण्यासाठी दोनदा वाकवावी लागते. नळी सहा इंच बाजूला न्यायची असेल आणि बाक तीस अंशांचा असेल, तर वाकवण्याच्या दोन खुणांमध्ये बारा इंच अंतर ठेवतात; बाक पंचेचाळीस अंशांचा असेल, तर साधारण साडेआठ इंच. तीस अंशांना दोनाने आणि पंचेचाळीसला सुमारे एक पूर्णांक चार दशांशने का गुणायचे, याचे उत्तर म्हणजे आपण शाळेत त्रिकोणमितीत घोकलेले कोसेक. खूण चुकली की नळी भिंतीवर बसत नाही आणि चूक तेव्हाच कळते. शिवाय या शाळेत झालेले शिक्षण आणि कामाचे तास यांचा काही भाग त्या राज्यात पुढे वीजतंत्र्याच्या परवान्यासाठी धरला जातो. त्यामुळे त्याच्या तासांची नोंद शाळा नीट ठेवते आहे ना, याकडे लक्ष द्यायला त्याच्या आईवडिलांना सांगा.