शूटिंगही कर, वर्गही घे

भावा, विद्यापीठात सिनेमा शिकवायची ऑर्डर आली म्हणून कॅमेरा विकायला काढू नकोस. पण सही करण्याआधी बघ, नेमणूक तासिका तत्त्वावर आहे की पूर्णवेळ? तासिकेवर पैसे तासाचेच, पण शूटिंगला मोकळीक. पूर्णवेळ असशील तर बाहेरच्या कामाची परवानगी लेखीच घे. मी एकदा तोंडी 'हो'वर विसंबलो आणि ऐन शेड्यूलमध्ये परीक्षेची ड्युटी लागली. दोन दिवसांचं युनिटचं भाडं अंगावर बसलं.

आउटडोअर मे महिन्यातच उरकून टाक. जूनला आपल्याकडं पावसानं धरलं की संपलं. एडिटिंग मात्र सेमिस्टरभर चालू ठेव आणि कच्चं फुटेज वर्गात दाखव. पंचगंगा घाटावरच्या माझ्या एका सीनमध्ये बाईच्या डाव्या कडेवरची घागर पुढच्या शॉटला उजवीकडं गेली होती. आम्ही तिघांनी दहादा बघूनही दिसलं नाही; मागच्या बाकावरच्या पोरीनं पहिल्या फटक्यात पकडलं.

बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल असेच हाताखाली काम करत शिकले आणि १९२९ला याच कोल्हापुरात त्यांची 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली. तूही पोरांना सेटवर ने, पण फुकट राबवू नकोस. ज्यांचे मार्क तुझ्या हातात, ती 'नाही' म्हणूच शकत नाहीत. हे बघितलं की मला फार राग येतो.

पहिल्या वर्षी मात्र नवीन सिनेमा धरू नकोस. नोट्स काढायलाच रात्री पुरत नाहीत.