मलेरियाचा परजीवी लाल रक्तपेशीतून बाहेर कसा पडतो? पेशी नुसती फुगून फुटते का?

नाही. फुटणं ठरलेल्या क्रमाने होतं. फॅल्सिपेरम जातीचं बघू. सुमारे 48 तासांत एका परजीवीचे साधारण 16 ते 32 मेरोझोइट, म्हणजे परजीवीची नवी पिल्लं, तयार होतात. त्यांच्याभोवती दोन पडदे असतात: आत परजीवी ज्या पोकळीत राहतो तिचा, बाहेर रक्तपेशीचा. पीकेजी एन्झाइमचा इशारा मिळाला की सब-1 नावाचं प्रोटीन कापणारं एन्झाइम पोकळीत सुटतं. आधी आतला पडदा फाटतो. सब-1 मुळेच जागं झालेलं सेरा-6 हे दुसरं एन्झाइम मग रक्तपेशीच्या पडद्याखालची, त्याला आधार देणारी स्पेक्ट्रिन प्रोटीनची जाळी कापतं. शेवटी पडद्याला एक भोक पडतं, त्याच्या कडा बाहेरच्या बाजूला गुंडाळल्या जातात आणि मेरोझोइट अक्षरशः भिरकावले जातात. ई-64 हे प्रोटीन कापणारी काही एन्झाइम रोखणारं रसायन घातलं तर आतला पडदा फाटतो, पण बाहेरचा टिकतो आणि पिल्लं पिशवीत अडकल्यासारखी राहतात.

खरी गंमत त्याआधीची. परजीवी हिमोग्लोबिन खातो. उरलेलं विषारी हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) स्फटिकात बांधतो, तोच सूक्ष्मदर्शकाखाली परजीवीत दिसणारा तपकिरी-काळा कण. पेशी ताठर होते. अशी पेशी प्लीहेत गाळली जाऊन नष्ट होईल, म्हणून परजीवी पृष्ठभागावर बारीक गाठी उभारून त्यांवर पीएफईएमपी-1 हे चिकट प्रोटीन मांडतो. पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. म्हणूनच फॅल्सिपेरमच्या रुग्णाच्या बोटातून घेतलेल्या रक्तात बहुधा कोवळ्या अंगठ्याच, म्हणजे अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी, दिसतात; वाढलेले आत चिकटून असतात, आणि कमी परजीवी दिसले तरी आजार सौम्य असेलच असं नाही.