सिकलसेलचा जनुकीय बदल शोधण्यासाठी संपूर्ण डीएनए वाचावा लागतो का?

नाही, हा बदल नेमका कोठे असतो हे आधीच ठाऊक असल्यामुळे बीटा ग्लोबिन या प्रथिनाच्या (हिमोग्लोबिनचा एक घटक) जनुकाचा तेवढाच लहान भाग पीसीआरने (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती करणारी पद्धत) वाढवून तपासणे पुरेसे असते. या प्रथिनाच्या सहाव्या अमिनो आम्लाच्या कोडॉनमध्ये (डीएनएच्या तीन अक्षरांच्या गटात) ए या अक्षराच्या जागी टी येतो आणि डीडीई-१ हे विकर (एन्झाइम) डीएनए जेथे कापते ती जागाच नष्ट होते. त्यामुळे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर पाहिले असता सामान्य प्रत कापलेली, सिकलसेलची प्रत त्या जागी अखंड आणि वाहकाच्या (प्रत्येकी एक प्रत असलेल्या व्यक्तीच्या) नमुन्यात दोन्ही प्रकार एकत्र दिसतात. विकराने काम अर्धवट केले तर सामान्य व्यक्तीही वाहक भासते, म्हणून ज्ञात नमुने सोबत चालवणे अनिवार्य मानावे. नंदुरबार, धुळे भागातील भिल्ल व पावरा वस्त्यांमध्ये प्राथमिक तपासणीसाठी मात्र सोल्युबिलिटी चाचणी (सिकल हिमोग्लोबिन विरघळत नाही हे पाहणारी सोपी रक्तचाचणी) आणि त्यानंतर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी चाचणी) हाच क्रम व्यवहार्य आहे. एक मर्यादा महत्त्वाची आहे: एका प्रतीत सिकलसेल आणि दुसरीत बीटा थॅलेसेमियाचा (बीटा ग्लोबिन कमी किंवा अजिबात न बनण्याच्या आजाराचा) बदल असलेला रुग्ण वरील पीसीआर व विकराच्या पद्धतीत केवळ वाहक ठरतो, लक्षणांवरून तशी शंका आल्यास एचपीएलसीसह संपूर्ण बीटा ग्लोबिन जनुकाचे सँगर सिक्वेन्सिंग (अक्षर-अक्षर वाचन) करून घ्यावे.