रीमॅपिंग शिकायचंय, मग डिग्री सोडू का?

तुझं पत्र वाचलं. मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, मित्राच्या पेट्रोल टर्बो गाडीच्या ईसीयूत, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, एक तयार फाइल चढवून रीमॅपिंग केलंस, गाडी भलतीच पळायला लागली आणि आता डिग्री सोडून ट्यूनिंगचा छोटा कोर्स करायचा म्हणतोस. घरचे म्हणतात, हे खूळ आहे.

खूळ नाही. पण डिग्री सोडू नकोस.

त्या फाइलमध्ये काय काय बदललं होतं, सांगता येईल तुला? बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) वाढवला, टॉर्कची म्हणजे इंजिनाच्या पिळाच्या जोराची मर्यादा वर सरकवली, इग्निशन म्हणजे ठिणगी जरा आधी घेतली की टर्बो गाडीत २०-३० टक्के पॉवर वाढू शकते. (बिनटर्बोच्या इंजिनात एवढाच खटाटोप करून हाती फारसं लागत नाही.) कंपनीच्या इंजिनिअरांना हे कळलं नव्हतं थोडंच! हलक्या प्रतीचं पेट्रोल, कडक ऊन, उंचावरची विरळ हवा, जुना झालेला टर्बो, क्लच-गिअरबॉक्सची ताकद आणि प्रदूषणाचे नियम यांचा विचार करून त्यांनी ती पॉवर राखून ठेवलेली असते.

आता त्याच गाडीचा डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) फुल थ्रॉटलचा लॉग, म्हणजे ईसीयूतल्या आकड्यांची नोंद, काढ आणि एकेका सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग बघ. एखाद्या सिलिंडरला ईसीयू चार-पाच अंश मागे खेचत असेल, तर तिथे बहुधा नॉकिंग होतंय, म्हणजे इंधन अवेळी भडकून पिस्टनवर आघात होतोय. नॉक सेन्सर जागा आहे म्हणून पिस्टन वाचलाय. मग लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा, बघ; १ म्हणजे नेमकं प्रमाण. बऱ्याच इंजिनांत फुल लोडला तो मुद्दाम १ च्या खाली, म्हणजे पेट्रोल जास्त ठेवतात, कारण त्याने एक्झॉस्टचं तापमान आटोक्यात राहतं. तिथलं पेट्रोल कापून पॉवर काढलीस, तर टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघतील. हे आकडे वाचून पुढचा बदल ठरवतो तो ट्यूनर. बाकीचे नुसती केबल जोडतात.

कंपन्यांमध्ये याच कामाला कॅलिब्रेशन इंजिनिअर म्हणतात, आणि तिथे सहसा डिग्री लागतेच. हजारो पॅरामीटर, कोल्ड स्टार्ट, उष्ण आणि थंड प्रदेशातल्या चाचण्या, एमिशन, ओबीडी (गाडीनेच स्वतःचे बिघाड ओळखायची यंत्रणा) असा पसारा असतो. आयसी इंजिन, थर्मोडायनॅमिक्स आणि कंट्रोल सिस्टिम्स मनापासून कर, मॅटलॅब-सिम्युलिंक शिक. इन्का किंवा कॅनेप या कॅलिब्रेशनच्या सॉफ्टवेअरवर हात बसवायची संधी मिळाली तर सोडू नकोस. कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी रेसिंग गाडी बनवायची स्पर्धा) टीम असेल तर तिथलं इंजिन माग. इलेक्ट्रिक गाड्यांची भीती नको. मोटर कंट्रोल आणि बॅटरीलाही कॅलिब्रेशन लागतंच.

डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढणं, ईजीआर (प्रदूषण कमी करायला थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद करणं असली कामं कोणी दिली तर सरळ नाही म्हण. २०१५ मध्ये उघडकीला आलेलं, प्रदूषण चाचणीत फसवणूक करण्याचं फोक्सवॅगन प्रकरण सॉफ्टवेअरचंच होतं, आणि त्यात इंजिनिअरही तुरुंगात गेले.

आणि हो, मित्राच्या गाडीची मूळ फाइल जपून ठेवली आहेस ना? लॉग नीट कळेपर्यंत तीच परत चढवून दे. वॉरंटीचं काय होऊ शकतं, तेही त्याला सांग.