पहिली ओळ

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही. आपल्या चर्चच्या पंचकमिटीवर येऊन तुला जेमतेम तीन महिने झालेत, आणि पाळकसाहेबांच्या पगारवाढीच्या ठरावाला सगळ्यांचे हात वर गेले तेव्हा तुझा एकटीचा गेला नाही. वर तू विचारलंस, वर्षभरात गरजूंवर आपण किती खर्च केला? त्यावर एकानं तुला बायबलातला मळणीचा बैल ऐकवला (त्याला मुसकं बांधू नको, म्हणजे राबणाऱ्याला खाऊ दे), दुसऱ्यानं मलाखी संदेष्ट्याचं भांडार, आणि तिसऱ्यानं, हसत हसतच म्हणे, येशूला धरून देणारा यहूदा इस्कार्योत. आता मला विचारतेस, "काका, मी चुकले का?"

अर्धी चुकलीस. कुठली अर्धी, ते सांगतो.

आधी एक कर. अंदाजपत्रक समोर घे आणि आकडे सोडून नुसता ओळींचा क्रम वाच. पगार, इमारत दुरुस्ती, वीज, सणाचे कार्यक्रम, ध्वनिक्षेपक, पाहुणे, किरकोळ, आणि पार तळाला 'गरजूंना मदत'. तिच्यापुढे कंसात दोन शब्द असतील: 'शिल्लक राहिल्यास'. कागदावर नसतील तर कमिटीच्या मनात असतील. मी एकवीस वर्षं खजिनदार होतो. त्यातली पहिली नऊ वर्षं हे दोन शब्द मी स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिले. आणि शिल्लक कधी राहते ते मला विचार. शिल्लक राहत नाही. चुकून राहिलीच तर तिला आपण 'राखीव निधी' म्हणतो आणि बँकेत कुलूपबंद करतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मरेपर्यंत म्हणत राहणार: गरजूंची ओळ पहिली. किती टक्के, ते नंतर भांडा. पण ओळ पहिली.

आता तुझे तीन विद्वान. बैलवाल्याला विचार, बाबा, कुठल्या अध्यायातला बैल? तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला असेल तर त्याला म्हणावं, तेच पान जरा वरून वाचा. बैल येतो अठराव्या ओवीत. त्याच्याआधी, तिसऱ्या ओवीपासून सोळाव्यापर्यंत, सगळं विधवांबद्दल आहे: यादीत कुणाचं नाव घालायचं, साठीची अट, नातेवाइकांनी आधी काय करायचं. मग कुठे वडिलांचा, म्हणजे मंडळी चालवणाऱ्या सेवकांचा, दुप्पट सन्मान आणि मग बैल. शिवाय 'सन्मान' हा शब्द दोन्हीकडे तोच आहे, विधवांचाही सन्मान आणि वडिलांचाही. पण आपल्याकडे विधवेच्या सन्मानाचा अर्थ आदर आणि वडिलांच्या सन्मानाचा अर्थ पगार, असा कसा लागतो कोण जाणे. आणि करिंथकरांच्या पत्रातला बैल असेल, तर प्रेषित पौलानं नवव्या अध्यायात पगाराचा हक्क पुरता सिद्ध केला आणि त्याच अध्यायात सांगितलं की मी तो हक्क वापरला नाही. यातलं अर्धंच वाचणाऱ्याशी वाद घालू नकोस, फक्त उरलेलं अर्धं वाचून दाखव.

मलाखीचंही तेच. भांडारात दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा वाटा, आणा, ही तिसऱ्या अध्यायातली दहावी ओवी सगळ्यांना पाठ असते. त्याच अध्यायातली पाचवी कुणालाच नसते. तिथे परमेश्वर ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो, त्यांत मजुराची मजुरी बुडवणारे आहेत आणि विधवेला, अनाथाला, परक्याला नाडणारे आहेत. एकाच दमात. ती मजुरीची गोष्ट लक्षात ठेव, मला तिच्यावर पुन्हा यायचं आहे. मला नको आहे, पण यावं लागेल.

यहूदाचं म्हणशील तर सुगंधी तेल विकून पैसे गरिबांना द्यायचे होते, असं तो बोलला हा त्याचा गुन्हा नव्हता. शुभवर्तमानात योहान स्वच्छ सांगतो की थैली त्याच्याकडे होती आणि तो तीतून चोरायचा. म्हणजे ती गोष्ट थैलीबद्दलची आहे. तुला यहूदा म्हणणाऱ्याला शांतपणे विचार, हिशेब कधी वाचून दाखवताय? यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेला पैसा न्यायला पौलानं तीत या आपल्या सहकाऱ्यासोबत मंडळ्यांची, म्हणजे चर्चांची, माणसं जोडून दिली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. पौलाला जे गरजेचं वाटलं ते आपल्या कमिटीला अपमान वाटतं.

तू विचारलंस, पूर्वी कसं होतं? पूर्वी सगळं सोन्याचं होतं असं समजू नकोस. पण एक पत्र मला फार आवडतं. २५१ च्या सुमारास रोमच्या कर्नेलियस बिशपनं ते लिहिलं, युसेबियसच्या चर्चच्या इतिहासात त्यातला भाग टिकला आहे. त्यात तो आपली मंडळी मोजून दाखवतो: वडील ४६, डीकन ७, उपडीकन ७, अकोलाइट म्हणजे वेदीचे मदतनीस ४२, भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२. आणि त्याच वाक्यात, श्वास न घेता, १५०० हून अधिक विधवा आणि गरजू. बिशप धरून दीडशेच्या वर सेवक आणि त्यांच्या दसपट गरजू, सगळ्यांचं पोषण एकाच कृपेनं होतं असं तो म्हणतो. त्याला आपली मंडळी किती मोठी हे दाखवायचं होतं, आणि मोठेपणाच्या मोजमापात त्यानं गरजू धरले. इमारत किती माणसांची, हे त्यानं लिहिलं नाही.

पुढे पोप गेलाशियसच्या काळात, पाचवं शतक संपताना, उत्पन्नाचे चार वाटे करायचा नियम दिसतो: एक बिशपचा, एक बाकीच्या सेवकांचा, एक गरिबांचा, एक इमारतीचा. लोक हा नियम कौतुकानं सांगतात. मला तो तितकासा पटत नाही. चारांतले तीन वाटे घरातच राहिले की! तरी एक कबूल करतो, त्यात गरिबाचा वाटा 'शिल्लक राहिल्यास' नव्हता. तो मोजलेला होता, मागून घेता येत होता. आपण तेवढंही करत नाही.

आता तुझी चूक. तू बोट पाळकाच्या पगारावर ठेवलंस. साप सोडून भुई धोपटलीस. घोडं पगारात पेंड खात नाही, ते भिंतींत पेंड खातं: फरशीत, रंगात, नव्या ध्वनियंत्रणेत, आणि 'पुढेमागे लागेल' म्हणून ठेवलेल्या ठेवीत. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशांश कुणासाठी आहे बघ: लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, परका, अनाथ, विधवा. लेवी त्यांच्याच रांगेत उभा आहे. आणि यरुशलेमेचा सुभेदार नहेम्या परत आला तेव्हा त्याला काय दिसलं? लेव्यांचे वाटे कुणी दिले नव्हते, म्हणून गाणाऱ्यांसकट ते आपापल्या शेतावर पळाले होते. नहेम्यानं अधिकाऱ्यांना झापलं आणि विश्वासू खजिनदार नेमले. पाळक आणि विधवा यांना एकमेकांच्या ताटातलं काढायला लावणं, हा कमिट्यांचा आवडता डाव आहे. तू त्याला बळी पडलीस. चिडू नकोस, मीही पडलो होतो, आणि माझं वय तुझ्या दुप्पट होतं.

नवव्या वर्षी फाइल लावताना मला एक अर्ज सापडला. एका विधवेचा, मुलाच्या फीसाठी. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात शेरा: 'शिल्लक पाहून विचार करू'. अर्ज अकरा महिन्यांपूर्वीचा होता. मी चौकशी केली तेव्हा मुलगा शाळा सोडून कामाला लागलेला होता. त्या वर्षी मी कमिटीत भांडलो आणि गरजूंची ओळ पहिली करून घेतली. दोघे राजीनामा देईन म्हणाले. दिला नाही कुणी.

पुढची दोन वर्षं मी हवेत होतो. मग एका वर्षी अर्पणं घटली. मी म्हटलं, पहिली ओळ हलणार नाही. हलली नाही. पाळकाचा पगार दोन महिने थांबवला.

आमच्याकडे दर महिन्याला दशांशाची पाकिटं यायची. रविवारी उपासनेनंतर मी आणि आणखी एकजण बसून ती फोडायचो, नाव आणि रक्कम वहीत चढवायचो. पाळकसाहेबांचं पाकीट मला न वाचता ओळखू यायचं, कारण ते नावाखाली रेघ मारायचे, पट्टी लावून. त्या दोन महिन्यांत ते पाकीट आलं. दोन्ही महिने. रक्कम तीच, एका पैशानं कमी नाही. मी फोडलं, मोजलं, वहीत लिहिलं, पुढचं पाकीट उचललं. या माणसाला मी पगार दिलेला नाही, मग हा दशांश कशाचा, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. वर्षअखेरीला हिशेब तपासताना दोन ओळी शेजारीशेजारी दिसल्या तेव्हा आलं. उसने काढले होते त्यांनी. कुणाकडून, तेही नंतर कळलं.

आणि हे होत असताना इमारत निधी बँकेत सुखरूप होता. तू म्हणशील, मग त्यातून का नाही काढले? ठराव होता, त्याला सभासदांच्या सभेशिवाय हात लावता येत नव्हता. हे खरं आहे, इतिवृत्तात बघायला मिळेल. सभा बोलावता आली असती, हेही खरं आहे. भिंतींसाठी भांडणारे खूप असतात आणि ते मोठ्यानं भांडतात. पाळक भांडणार नाही हे मला माहीत होतं. पुढच्या वर्षी ते गेले. माझ्यामुळे गेले असं आजही काहीजण बोलतात. साफ खोटं आहे, त्यांची बदलीची मुदत भरलीच होती. पण मी त्यांच्याशी त्या पाकिटांबद्दल कधी बोललो नाही, एवढं मात्र खोटं नाही.

म्हणून मी पहिली ओळ मागे घेतली का? अजिबात नाही. गरजूंची ओळ पहिली, आजही. फक्त तिच्या लगेच खाली पाळकाची, आणि त्या दोन ओळींच्या खाली एक जाड रेघ. कमी पडलं तर कात्री रेघेखाली चालवायची. मिलानच्या बिशप अँब्रोजनं ३७८ नंतरच्या गॉथ टोळ्यांच्या धामधुमीत कैद झालेल्या माणसांना सोडवायला वेदीवरची पात्रं वितळवली. त्याच्यावर टीका झालीच. त्यानं उलट विचारलं, माणसं वाचवायची की धातू? आपली तर पात्रंसुद्धा नाहीत, ठेवपावती आहे. ती मोडायला भट्टी लागत नाही.

पगार किती, हा प्रश्न तू मला तीन ओळींत विचारलास, मी एका ओळीत उत्तर देतो: मंडळीतलं मधलं घर जेवढ्यात चालतं तेवढा, आणि तारखेला. सगळ्यात श्रीमंत सभासदाइतका नको, कारण मग पाळकाला गरिबाचं दार परकं वाटतं. सगळ्यात गरिबाइतका नको, कारण मग तो श्रीमंताच्या दारात उभा राहतो. आणि पगारवाढीच्या ठरावाला तू पुढच्या वेळी हात वर कर, दुरुस्ती सुचवून: आधी पहिली ओळ.

आणखी एक. मदत देताना कुणाला व्यासपीठावर बोलावू नका. फोटो नको, टाळ्या नकोत. पाळकाला कुणी वर बोलावून पाकीट देतं का? नाही ना, त्याच्या खात्यात जातं. मग विधवेचंही खात्यात जाऊ दे. दोन सह्या, वहीत नोंद, नाव कमिटीबाहेर नाही. अर्जावर पंधरा दिवसांत हो की नाही ते लिहायचं. 'विचार करू' हा शेरा मारायला बंदी घाल, त्याचाही ठराव कर हवं तर. लोक हसतील. हसू देत.

सभा किती तारखेला आहे ते कळव. दुरुस्तीचा मसुदा आधी माझ्याकडे पाठव, शाईनं लिहिलेला, फोनवर वाचून दाखवू नकोस. 'शिल्लक राहिल्यास' कुठे सापडलं तर कागद तसाच परत येईल.

तुझा,
काका