लॅपटॉप घेताय? आधी स्क्रीन बघा

कास पठारावरच्या फुलांचे फोटो एडिट करायचे आणि जमलं तर चित्रंही काढायची, एवढ्यासाठी दीड लाख घालवू नका. दुकानदार प्रोसेसरचं कौतुक सांगेल, तुम्ही स्क्रीनचं विचारा. आयपीएस पॅनल (बाजूने बघितलं तरी रंग फारसे बदलत नाहीत अशी स्क्रीन), १०० टक्के एसआरजीबी (म्हणजे फोटोंसाठी नेहमी वापरतात ते सगळे रंग दाखवणारी). '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेला, म्हणजे कमी रंग दाखवणारा, सरळ सोडा. माझा पहिला तसलाच होता. तेरड्याचा गुलाबी फिका दिसायचा, म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवत गेलो. साताऱ्यात राजवाड्याजवळ प्रिंट काढली तर फुलं जत्रेतल्या फुग्यांसारखी भडक!

बाकी थोडक्यात:

- रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी.
- ब्राइटनेस फुल ठेवून एडिट करू नका, प्रिंट काळपट येते. स्क्रीन पिवळसर करणारा नाइट लाइटही बंद ठेवा.
- मूळ फाइलला हात लावू नका, कॉपीवर काम करा.
- क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नको. चित्रांसाठी क्रिटा, फोटोंसाठी डार्कटेबल, दोन्ही फुकट.

टचपॅडवर चित्र काढायचा हट्ट सोडा. छोटा, बिनस्क्रीनचा पेन टॅबलेट (लॅपटॉपला जोडायची पाटी, तिच्यावर पेनने काढलेलं स्क्रीनवर उमटतं) पुरे. सुरुवातीला हात टेबलावर, नजर स्क्रीनवर, रेघ भलतीकडेच. चिडचिड होईल, पण आठवडाभर रोज नुसती वर्तुळं काढा.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून अचूक करण्याचं, आत्ता डोक्यात घेऊ नका. पहिले पन्नास फोटो होऊ देत, मग बोलू.